करार एकाचा, टॉवर गल्लीचा

बुलढाणा जिल्ह्यात गाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: घाटावरचं की घाटाखालचं? चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा घाटावर; मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद घाटाखाली. मोबाईलच्या लहरींनाही हा भेद चांगलाच कळतो. पूर्णेच्या सपाट खोऱ्यात एक उंच टॉवर दूरवर पोचतो. घाटावर मात्र अजिंठ्याच्या रांगेची एखादी सोंड मध्ये आली की पलीकडच्या वस्तीत फोनवरच्या काड्या एकेक करून गळतात. म्हणून टॉवरची जागा आधी गावात ठरतच नाही. ती दूरच्या कुठल्याशा कार्यालयात संगणकावरच्या नकाशात ठरते. कुठे कॉल तुटतात, कुठे डेटा रांगतो हे पाहून अभियंता एक बिंदू टाकतो आणि त्याभोवती वर्तुळ काढतो. शहरात हे वर्तुळ लहान असतं, शिवारात मोठं.

मग त्या वर्तुळात मोटारसायकलवरून एक माणूस येतो. त्याला तीन-चार पर्याय शोधायचे असतात: कुणाची गच्ची, कुणाचं परसातलं मोकळं आवार, कुणाच्या वावराचा रस्त्यालगतचा कोपरा. गावठाणात तो नमुना आठचा उतारा मागतो, शेतात सातबारा. तो तीन गोष्टी बघतो. जागेची मालकी निर्वेध हवी, ट्रकला वाट हवी आणि विजेचा खांब जवळ हवा. शेजाऱ्यांचं मत त्याच्या कागदावर कुठेच नसतं. भाडेकरार होतो तो मालकाशी, आणि तो वर्षानुवर्षांचा असतो.

(या माणसाची नक्कल करणारे भामटेही पुष्कळ. ‘तुमच्या शेतात टॉवर मंजूर झालाय, नोंदणीचे पैसे भरा,’ असा फोन आला की तो फसवणुकीचाच समजावा. जागेसाठी कंपनी मालकाला पैसे देते, मालकाकडून घेत नाही. आणि दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ‘ट्राय’, कुणालाही टॉवरचं नाहरकत प्रमाणपत्र देत नाही, हे खुद्द ट्रायने वारंवार जाहीर केलं आहे.)

शेजाऱ्यांना बातमी कळते ती जेसीबीने. काळ्या कापसाच्या जमिनीत पाया उथळ ठेवून चालत नाही. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे खड्डा खोल जातो, लोखंडी जाळी उतरते आणि गल्लीला कळतं की हे विहिरीचं काम नव्हे. दुसऱ्या दिवशी निवेदन तयार होतं. खाली सह्या, दोन-चार अंगठे. प्रत मुख्याधिकाऱ्यांना, प्रत तहसीलदारांना, प्रत पोलिस ठाण्याला. मजकूर बहुतेक ठिकाणी सारखा: रेडिएशनमुळे कॅन्सर होतो, लहान मुलं आहेत, गरोदर बाया आहेत, काम तात्काळ थांबवावं.

इथेच लोक हरायला लागतात.

निवेदन ज्यांच्या टेबलावर जातं त्यांच्या हातात फारसं काही उरलेलंच नाही. केंद्राने 2016 मध्ये दूरसंचारासाठी मार्गाधिकाराचे नियम केले. अर्ज आल्यापासून 60 दिवसांत निर्णय दिला नाही तर परवानगी मिळाली असं समजायचं, अशी त्यात तरतूद होती. ऑगस्ट 2022 च्या दुरुस्तीने आणखी एक पाऊल पुढे टाकलं. खासगी जागेवर टॉवर उभारायचा तर स्थानिक प्राधिकरणाची परवानगी नको, मालकाशी करार हवा. काम सुरू करण्याआधी लेखी सूचना आणि सोबत इमारत किंवा रचना भार पेलेल असा अभियंत्याचा दाखला द्यायचा. दूरसंचार कायदा 2023 खालचे नवे नियम 1 जानेवारी 2025 पासून लागू झाले, त्यांचाही कल जाळं लवकर पसरावं याच बाजूला आहे.

ग्रामसभेने ठराव केला तर? सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या चिखलहोळ ग्रामपंचायतीने तो करून पाहिला. रहिवाशांच्या आरोग्याच्या तक्रारींवरून तिने टॉवरचं काम थांबवायला सांगितलं, इंडस टॉवर्स कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि ठराव रद्द झाला. टॉवरच्या किरणोत्सर्गाने अपाय होतो असं दाखवणारा शास्त्रीय आधार समोर नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. हा निकाल आज कंपन्यांच्या फायलीत वरच असतो.

भीती मात्र खोटी नसते, आणि आकडे माहीत असले तर ती नेमकी तरी होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2011 मध्ये रेडिओ लहरींना ‘2 ब’ गटात ठेवलं, म्हणजे शक्यता नाकारता येत नाही पण पुरावा मर्यादित. पूर्व आशियाई पद्धतीच्या मुरवलेल्या भाज्याही याच गटात आहेत, हे निवेदनात कुणी लिहीत नाही. भारताने 1 सप्टेंबर 2012 पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक-दशांश मर्यादा स्वीकारली: 900 मेगाहर्ट्झला चौरस मीटरमागे 0.45 वॅट.

खरा मुद्दा अंतरापेक्षा दिशेचा आहे. अँटेनाचा झोत हा विजेरीसारखा समोर, किंचित खाली कललेला असतो. टॉवरच्या पायथ्याशी तो फार क्षीण पोचतो. म्हणून केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांमधलं कोष्टक विचारतं ते एवढंच, की अँटेनाच्या समोर, तेवढ्याच उंचीवर घर आहे का? एक अँटेना असेल तर 20 मीटर, दोन असतील तर 35, बारा असतील तर 75 मीटर मोकळे हवेत. शेगाव किंवा खामगावच्या दाट पेठेत एका गच्चीवर टॉवर आणि समोर नव्याने चढवलेला तिसरा मजला, अशा ठिकाणी हे कोष्टक घेऊन टेप धरायला हवी. चाळीस मीटरच्या टॉवरखालच्या बैठ्या घराने घाबरण्यात फारसा अर्थ नाही. ज्याला शंका आहे त्याने ‘तरंग संचार’ या सरकारी संकेतस्थळावर 4000 रुपये भरून मोजणी मागवावी. यंत्र घेऊन दूरसंचार विभागाचं पथक येतं आणि आकडा लेखी देतं. मजुराच्या घराला 4000 रुपये म्हणजे काय, हा वेगळा प्रश्न. गल्लीने वर्गणी काढली तर जमतं.

मोजता येणाऱ्या इतर तक्रारी निवेदनाच्या शेवटच्या ओळीत कुठेतरी दडलेल्या असतात, नाहीतर नसतातच. वीज गेली की काही टॉवरखालचा डिझेल जनरेटर सुरू होतो. त्याच्या आवाजाची मर्यादा एक मीटरवर 75 डेसिबल आहे. निवासी भागात रात्रीची मर्यादा 45. भिंतीला भिंत लागून घर असेल तर या दोन आकड्यांमधली तफावत रात्रभर ऐकू येते. धूर खिडकीतून आत येतो. जुन्या गच्चीवर लोखंडाचा भार चढला की वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूला छताच्या भेगा दिसतात. भाराचा दाखला कोणी दिला, इमारत किती वर्षांची धरून दिला, हे माहितीच्या अधिकारात मागता येतं. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा दूरसंचार समिती असते. तिच्यापुढे आवाजाची नोंद आणि भेगेचा फोटो ठेवणारा माणूस, कॅन्सरचं कात्रण ठेवणाऱ्यापेक्षा लवकर ऐकला जाण्याची शक्यता आहे. पण लोकांना वाटतं, जनरेटरच्या आवाजावरून कोण काम थांबवणार? म्हणून सगळं दुखणं कॅन्सरच्या एका शब्दात कोंबलं जातं, आणि नेमकं तेच न्यायालयात टिकत नाही.

ग्रामपंचायतीचीही गंमत आहे. विरोधाच्या ठरावावर सह्या करणारे सदस्य कराच्या वसुलीच्या वेळी टॉवर मोजतात. मोबाईल टॉवरवर मालमत्ता कर लावता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबाद महापालिकेच्या खटल्यात 16 डिसेंबर 2016 रोजी मान्य केलं होतं. 2023 च्या कायद्याने दूरसंचाराचं जाळं ज्या मिळकतीवर उभं आहे तिच्यापासून वेगळं धरल्यावर त्या कराचा हिशेब पुन्हा वादाचा झाला आहे.

जिथे कायदा खरोखर टॉवर अडवतो त्या जागा वेगळ्याच आहेत. लोणारला दैत्यसूदन मंदिर केंद्रीय संरक्षित स्मारक आहे; त्यापासून 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम नाही, पुढच्या 200 मीटरमध्ये वेगळी परवानगी. शिवाय सरोवराभोवती अभयारण्य. देवळाच्या दगडाला मिळालेलं हे संरक्षण शेजारच्या घराला नाही.

आणि सातपुड्याच्या कुशीत, जळगाव जामोद तालुक्यातल्या भिंगारा, चाळीसटापरीसारख्या आदिवासी गावांच्या बाजूला गेलं की अर्जाचा मजकूरच उलटतो: टॉवर द्या. रेशनच्या यंत्राला अंगठा ओळखायला नेट लागतं, ई-पीक पाहणीची नोंद पाठवायलाही लागतं. नेटवर्क नसलेल्या 2386 गावांत बीएसएनएलच्या फोर-जी टॉवरसाठी 200 चौरस मीटर जागा मोफत देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने नोव्हेंबर 2022 मध्ये घेतला. पण डोंगरात जमीन वनविभागाची. तिथे टॉवरपर्यंत दूरसंचाराची वाहिनी न्यायची तर वनहक्क कायद्याच्या कलम 3(2) प्रमाणे एक हेक्टरच्या आतली वनजमीन वळवता येते, आणि त्यासाठी ग्रामसभेची शिफारस सक्तीची आहे. गावठाणातल्या ग्रामसभेला टॉवर नको म्हणण्याचा अधिकार उरलेला नाही. इथल्या ग्रामसभेच्या होकाराशिवाय फाइल वनविभागाच्या टेबलावरून पुढे सरकत नाही.