राखेतली सांदवाडी

धानाच्या मुलखात घराला आग लागते ती बहुधा उन्हाळ्यात. तेव्हा शेतात काही नसते. सारे घरी असते. ढोलीत धान, मडक्यात बियाणे, माळ्यावर मोहफुले, गोठ्यामागे तणशीचा ढीग, आणि विहिरीत मात्र हातभर पाणी. विदर्भातील सर्वांत तापलेल्या गावांच्या यादीत ब्रह्मपुरीचे नाव दर मे महिन्यात वर असते. पारा 45 अंशांपुढे गेला की दुपारच्या वाऱ्याला एक ठिणगी पुरते. त्यात हे जंगलाचे जिल्हे. मोहफुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळतात, तेंदूला कोवळी पाने फुटावीत म्हणून आग लावतात, आणि शेताचे धुरे जाळण्याची चाल तर घरोघरची.

ब्रह्मपुरी तालुक्यातले आमचे गावाकडचे घर 2019 च्या मे महिन्यात जळले. ठिणगी कुणाच्या धुऱ्यावरून आली हे गावाने शोधले नाही, आम्हीही विचारले नाही. माणसे आणि गुरे वाचली. बल्ल्या, फाटे, दारे, ढोलीतले धान आणि पेरणीचे बियाणे गेले. उरल्या त्या भाजून लाल झालेल्या मातीच्या भिंती.

पंचनामा झाला, नातेवाईक येऊन गेले, आणि मग खरा प्रश्न पुढे आला. इथे पुन्हा घर बांधायचे कशाला? मी नोकरीनिमित्त ब्रह्मपुरीत, धाकटा भाऊ नागपुरात. गावात राहायची ती एकटी आई. भावाचे म्हणणे, तिला शहरात न्यावे आणि जागा विकावी. त्यात व्यवहार होता, वाईट काही नव्हते. आग घर जाळते, तशी पुष्कळदा माणसांचा गावाशी असलेला धागाही जाळते. 1948 मध्ये गांधीहत्येनंतर महाराष्ट्रात गावोगावी घरे जाळली गेली; व्यंकटेश माडगूळकरांची ‘वावटळ’ ही कादंबरी त्याच दिवसांवर आहे. त्यानंतर कितीतरी कुटुंबे शहरात गेली ती परतलीच नाहीत. आमची आग निव्वळ अपघाताची. तिची त्या आगीशी तुलना नाही. पण गाव सुटण्याचा धोका तोच होता.

आईने वाद घातला नाही. ती एवढेच म्हणाली, “घर जळलं बापू, जागा नाही जळली.” आणि दुसऱ्या दिवसापासून राखेतून खिळे वेचू लागली. मग आम्हा दोघा भावांना बोलायला काही उरले नाही.

मातीचे घर म्हटले की लोकांना ते स्वस्त आणि सोपे वाटते. तसे ते नाही. चिखलात तणशीचा भुगा आणि शेण कालवून भिंतीचा एक थर चढवायचा, तो वाळू द्यायचा, मग पुढचा. घाई केली की भिंत तडकते. दीड हात जाडीच्या या भिंतीमुळेच मे महिन्यात आतला माणूस सुखाने झोपू शकतो. टिनाच्या छपराखाली त्याच दुपारी भट्टी होते. तरीही गावोगाव कवेलू जाऊन टिन आले, याला कारण आहे. माकडे कवेलू फोडतात, दर उन्हाळ्यात छप्पर फेरावे लागते, आणि ते फेरणारे हात कमी झाले आहेत. आम्ही मधला मार्ग काढला. राहत्या घरावर कवेलू, गोठ्यावर टिन. चूल घरापासून वेगळ्या खोलीत, विजेची तार नळीतून, आणि तणशीचा ढीग रस्त्यापलीकडे.

बांबू मिळवणे एके काळी मोठे जिकिरीचे काम होते. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले, आणि 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेने द्यायचे ठरले. पुढे 2017 मध्ये वन कायद्यात दुरुस्ती होऊन जंगलाबाहेरचा बांबू ‘झाड’ या व्याख्येतून वगळला गेला. ज्याला छप्पर घालायचे आहे, त्यालाच या कलमांचे मोल कळते.

2020 मध्ये टाळेबंदीने काम थांबले. त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला आणि तालुक्यातील नदीकाठची गावे पाण्याखाली गेली. आमचे घर नदीपासून दूर. दारे बसायची होती, पण छप्पर झाले होते. पूरग्रस्त नातलगांची दोन कुटुंबे तिथे राहून गेली. भाऊ त्यानंतर जागा विकण्याचे बोलला नाही.

घरापेक्षा अवघड निघाली ती सांदवाडी. राख म्हणजे खत, असा आपला समज. तो अर्धाच खरा. राखेत पालाश आणि चुना असतो, पण नत्र जळून गेलेले असते. आणि राख फार झाली तर माती अल्कधर्मी होऊन रोपे पिवळी पडतात. शिवाय फार तापलेल्या मातीत पाणी मुरत नाही, वरून वाहून जाते. आम्ही बरीच राख उपसली, थोडी पसरली, जमीन कुदळीने फोडली आणि पहिल्या पावसात तिथे भाजी न लावता ताग पेरून तो मातीत गाडला. वांगी, भेदरे, सांबार आणि मांडवावर वाल हे सारे दुसऱ्या वर्षी.

कुंपणातले पळस आणि तेंदू बुडापासून आपोआप फुटले. वणव्याची त्यांना पिढ्यान्‌पिढ्या सवय. लिंबू आणि जांब गेले. वडिलांनी लावलेला आंबा एका अंगाने काळा पडला होता. लाकडाचा व्यापारी भाव सांगून गेला. आईने नखाने साल खरवडून पाहिली. खाली हिरवे होते. झाड राहिले.

बियाण्याचे दुःख तिला सर्वांत मोठे. शेजारच्या नागभीड तालुक्यातील नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी 1983 मध्ये आपल्या धानात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या राखल्या आणि वर्षानुवर्षे निवड करून ‘एचएमटी’ हे वाण घडवले. 2018 मध्ये ते वारले, पण त्यांचे वाण हातोहात दूरवर गेले आहे. आमच्या घरचे जुने धानही असेच कधी तरी आत्याच्या गावी गेले होते. आग लागल्याचे कळताच आत्याने त्यातलेच दोन पायल्या धान पाठवले. आता ते तीन घरांत ठेवले आहे.

गावानेही काही ठरवले आहे. धुरा जाळायचा तर शेजाऱ्याला सांगून, वारा पडल्यावर आणि हाताशी पाणी घेऊन. सगळे पाळतात असे नाही. पण पूर्वी एवढेही नव्हते.

आंब्याला 2022 मध्ये पुन्हा मोहोर आला, एकाच अंगाला. जळालेल्या बाजूची फांदी अजून वाळकीच आहे. ती तोडू का, असे मी विचारले तर आई म्हणते, अजून एक पावसाळा थांब.