वऱ्हाडच्या पांढरीतील चिलीम

पुरातत्त्वीय उत्खननात वरच्या थरांतून निघणाऱ्या खापरांमध्ये मातीच्या चिलमीचे तुकडे फारसे मोलाचे मानले जात नाहीत. परंतु वऱ्हाडच्या गेल्या चारशे वर्षांच्या वस्तीचा कालक्रम लावायचा झाल्यास इतका स्वस्त आणि इतका सर्वदूर विखुरलेला पुरावा क्वचितच मिळेल. याचे कारण तंबाखूच्या इतिहासात आहे. मूळची अमेरिकेतील ही वनस्पती पोर्तुगीजांच्या जहाजांतून हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर उतरली आणि दख्खनच्या दरबारांत लवकरच रुळली. अकबराचा वकील असद बेग याने १६०४ च्या सुमारास विजापुराहून तंबाखू आणि ती ओढण्याची मौल्यवान नळी नेऊन बादशहापुढे ठेवली, तर १६१७ मध्ये जहांगिराला या व्यसनावर बंदी घालावी लागली. १५९६ मध्ये वऱ्हाड मोगलांकडे गेला होता आणि त्याच दशकातील ‘ऐन-इ-अकबरी’त या सुभ्याचे वर्णन आहे, मात्र त्या ग्रंथातील पिकांच्या तपशिलांत तंबाखू कोठेही आढळत नाही. तेव्हा ज्या अबाधित थरात तंबाखूची चिलीम आढळते, तो थर सतराव्या शतकातील किंवा त्यानंतरचा असण्याचीच शक्यता अधिक.

युरोपात या वस्तूचा अभ्यास फार पुढे गेला आहे. तेथील पाइप पांढऱ्या, बारीक पोताच्या मातीचा, लांब व नाजूक दांड्याचा असे. तो लवकर मोडे, लगेच फेकला जाई, आणि त्याच्या बुडावर अनेकदा कारागिराच्या नावाची आद्याक्षरे उमटवलेली असत. दांड्याचे छिद्र काळानुसार अरुंद होत गेले, हे अमेरिकन पुरातत्त्वज्ञ जे. सी. हॅरिंग्टन यांनी १९५४ मध्ये दाखवून दिले: १६२० ते १६५० या काळात इंचाच्या ८/६४ व्यासाचे छिद्र अधिक आढळते, तर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते ४/६४ वर येते. हे गणित वऱ्हाडात उपयोगाचे नाही, कारण आपल्या चिलमीला दांडाच नसतो. ती वर रुंद आणि खाली निमुळती अशी सरळ पोकळ नळी असून, तंबाखू खाली घसरू नये म्हणून तिच्या गळ्यात एक खडा ठेवतात आणि ओढताना खालच्या टोकाला छापी, म्हणजे ओले फडके, गुंडाळतात. हुक्क्यावर बसवायची चिलीम मात्र वाटीसारखी पसरट असते. कुंभाराने भट्टीत हवा खेळती ठेवली की चिलीम लाल भाजते आणि धूर कोंडला की काळी. हा रंग, तोंडाची घडण आणि अंगावरची कोरीव नक्षी यांवरच तिचे वर्गीकरण अवलंबून राहते. कारागिराचे नाव तिच्यावर नसल्यामुळे सोबत सापडणारी नाणी, बांगड्या आणि काचलेप दिलेली भांडी यांना कालनिर्णयात जास्त महत्त्व येते.

अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत हा पुरावा मुख्यतः पांढरीत दडलेला आहे. शेतीची जमीन ती काळी आणि गावठाणाची ती पांढरी, ही जुनी विभागणी पुरातत्त्वाच्या दृष्टीने अचूक आहे, कारण पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण, पडक्या भिंतींची माती आणि खापरे यांनीच गावठाण उंच व पांढुरके होत जाते. देशमुख-पाटलांच्या गढ्याही याच मातीने उभ्या राहिल्या. धाब्याच्या छपरासाठी आणि लिंपणासाठी ती पिढ्यान्‌पिढ्या खणून नेली गेली, आणि आता यंत्राने एका दिवसात गढीचा अख्खा कोपरा नाहीसा होऊ शकतो; त्यासोबत मराठेशाही आणि निजामाच्या राजवटीच्या काळातील सामान्य माणसाच्या आयुष्याचा जवळजवळ एकमेव दस्तऐवज नष्ट होतो, ही हानी भरून येणारी नाही.

काळ्या मातीची अडचण निराळी आहे. उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती पुन्हा फुगून मिटते, त्यामुळे चिलमीचा लहान तुकडा भेगेतून खाली जाऊन कितीतरी जुन्या थरात बसू शकतो. धान्याच्या पेवांनी आणि कचऱ्याच्या खड्ड्यांनीही असाच घोळ होतो. म्हणून सातवाहनकालीन खापरांजवळ चिलीम दिसली की आधी थराचा छेद तपासावा लागतो. चरकसंहितेत औषधी धूम्रपानासाठी धूमनेत्र नावाची नळी सांगितली आहे, हेही येथे ध्यानात ठेवणे इष्ट: प्रत्येक नळी तंबाखूची नसते.

वर्धेकाठच्या कौंडिण्यपूरचे उत्खनन मो. गं. दीक्षित यांनी केले आणि त्याचा अहवाल १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. रुक्मिणीचे माहेर मानल्या गेलेल्या या स्थळी प्राचीन विदर्भाचा शोध घेणे स्वाभाविकच होते. परंतु अलीकडच्या शतकांसाठी बाळापूर आणि अचलपूर ही ठिकाणे अधिक आश्वासक वाटतात. बाळापूरचा किल्ला १७५७ मध्ये पूर्ण झाला. त्याच्या पायाखालच्या अबाधित भरावात चिलीम मिळाली, तर ती त्या वर्षाआधीची ठरेल, आणि अशा दोन-चार निश्चित नमुन्यांवरून उरलेल्यांचा क्रम लावता येईल. २९ नोव्हेंबर १८०३ च्या अडगावच्या इंग्रज-मराठा लढाईचे मैदान, १५ डिसेंबर १८०३ रोजी पडलेला गाविलगड आणि पुढे परतवाड्याला वसलेली छावणी येथे देशी चिलमीसोबत इंग्रजी पांढरा पाइपही शोधावा.

वस्तूभोवतीचा व्यवहार मात्र खापरावरून कळत नाही; त्यासाठी वाङ्मयाकडे वळावे लागते. शेगावचे गजानन महाराज २३ फेब्रुवारी १८७८ रोजी प्रकट झाले. दासगणूंच्या ‘श्रीगजाननविजय’ ग्रंथात सणाच्या दिवशी महाराजांच्या चिलमीसाठी विस्तव मागायला मुले जानकीराम सोनाराकडे जातात आणि तो देत नाही, हा प्रसंग येतो. भक्तांसाठी तो लीलेचा प्रसंग आहे. अभ्यासकाला त्यातून हेही दिसते की चिलमीला शेजारचा विस्तव लागे, सोनाराची पेटती शेगडी ही त्याची हक्काची जागा होती, आणि सणाच्या दिवशी विस्तव देण्या-न देण्याला अर्थ होता.

विसाव्या शतकात टेंभुर्णीच्या पानाची विडी स्वस्त झाली आणि चिलीम मागे पडली. विडी जळून जाते, मातीत तिचे काहीच उरत नाही, त्यामुळे वरच्या थरांतून चिलीम विरळ होत जाणे हाही एक कालदर्शक ठरतो. चिलमीच्या आतल्या काजळीत मात्र रसायने टिकून राहू शकतात: प्रयोगशाळेत निकोटीन सापडले तर तंबाखू, आणि गांजातील विशिष्ट द्रव्ये सापडली तर गांजा, असा निवाडा शक्य असतो. शेजारच्या खांडव्याकडे गांजाची लागवड होत असे, म्हणून वऱ्हाडी चिलमींच्या बाबतीत हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. त्यासाठी गढीच्या मातीतून निघालेला तुकडा पाण्याने घासून धुऊ नये. आतली काजळी तशीच ठेवून, सापडल्याची जागा व खोली लिहून, तो कागदात गुंडाळून ठेवावा.