साठ जणांची वही

ती वही मी पहिल्यांदा पाहिली अकोल्यात, स्टेशनाजवळच्या एका चहाच्या टपरीवर. शाळेतली असते तशी दोनशे पानी, कोपरे मुडपलेली, वरून रबर लावलेलं. वहीवाली तेवीस-चोवीस वर्षांची तृतीयपंथी. सातवीत शाळा सुटली, कारण वर्गात तिला नावाने कमी अन् टाळी वाजवून जास्त बोलवायचे. वहीत एकही नाव नव्हतं. एका ओळीपुढे पतंग, दुसरीपुढे शिट्टी, तिसरीपुढे बांगडी, चौथीपुढे कपाशीचं बोंड. प्रत्येक चित्र म्हणजे एक माणूस. वही उद्या कुणाच्या हाती लागली तरी कोण कोण आहे ते कळू नये, म्हणून ही तिचीच युक्ती. चित्रापुढे निरोध किती दिले, रक्त कधी तपासलं, याच्या रेघा. महिनाभरात भेट झाली नसेल तर लाल टिकली.

बोंडापुढे लाल टिकली होती. “महिना झाला, दिसला नाही. सुरतले गेला म्हंते,” ती म्हणाली आणि चहा अर्धा ठेवून उठली, त्याच्या खोलीवरच्या पोरांना विचारायला.

सरकारी भाषेत तिचं पद ‘पीअर एज्युकेटर’. साठ माणसांमागे एक, आणि तीही त्याच वस्तीतली, त्याच जगण्यातली. ही कल्पना आज कागदावर सोपी दिसते. इथवर यायला या देशाला वीस वर्षं लागली, आणि त्या वीस वर्षांतली निम्मी भीती पसरवण्यात गेली.

भारतात एचआयव्हीचा संसर्ग पहिल्यांदा आढळला १९८६ साली चेन्नईत. डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी तपासलेल्या नमुन्यांतून. तीन वर्षांनी, १९८९ मध्ये, गोव्यात डॉमिनिक डिसोझा या तरुणाला रक्तदानानंतर पोलिसांनी उचललं आणि एका जुन्या क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस कोंडून ठेवलं. गुन्हा एवढाच, की रक्तात विषाणू होता. सुटल्यावर तो गप्प बसला नाही. कोर्टात लढला, जाहीर बोलला, १९९२ मध्ये ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी केली आणि त्याच वर्षी गेला. बाधित माणूस स्वतः पुढे होऊन इतरांसाठी बोलतो, हे आपल्या भागाने पाहिलेलं बहुधा पहिलंच उदाहरण.

त्याच १९९२ मध्ये दोन गोष्टी सुरू झाल्या. दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रम आणि सांगलीत ‘संग्राम’ ही संस्था. दिल्लीच्या कार्यक्रमाची पोस्टरं आमच्या बसस्टँडवरही लागली. कवटी, हाडं, मृत्यू. ती पाहून कुणी तपासणीला गेल्याचं मला आठवत नाही. आजार लपवणारे मात्र वाढले. सांगलीत मीना शेषू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोकुळनगरच्या देहविक्री करणाऱ्या बायकांच्या हाती निरोधाचं काम दिलं, आणि बायकांनी त्यांना शिकवलं की प्रश्न एकट्या निरोधाचा नाही. रात्री पोलीस उचलून नेतात, गुंड मारतात, मुलाला शाळेत घेत नाहीत, दवाखान्यात हात लावत नाहीत. जिला मार खायची सवय लावली आहे, ती गिऱ्हाइकाला ‘निरोध वापर’ कोणत्या बळावर सांगणार? १९९६ मध्ये या बायकांची स्वतःची संघटना झाली, वेश्या अन्याय मुक्ती परिषद. तंटे त्या सोडवू लागल्या, पोलीस ठाण्यात त्या जाऊ लागल्या. २००५ साली अमेरिकेच्या मदतीसोबत वेश्याव्यवसायाच्या विरोधात शपथ लिहून देण्याची अट आली, तेव्हा संग्रामने त्या पैशावर पाणी सोडलं. ज्यांच्यासोबत काम करायचं त्यांचाच धिक्कार लिहून द्यायचा नाही, इतकं साधं कारण. मला हा निर्णय आजही फार मोठा वाटतो, कारण त्या काळात संस्थांना पैशाची चणचण काय असते ते मी जवळून पाहिलंय.

आमच्या वऱ्हाडात सांगलीसारखी मोठी वस्ती नव्हती. इथे रस्ता होता. धुळ्याहून नागपूरकडे जाणारा महामार्ग, कापसाच्या गाड्या, जिनिंगचा हंगाम, ढाब्यावरचे ट्रकवाले, अन् नापिकी झाली की सुरत-पुण्याकडे निघालेली पोरं. विषाणू या सगळ्यांसोबत आला-गेला, आणि शेवटी येऊन थांबला तो बहुतेकदा घरातल्या बाईपाशी. नवरा गेला, सासरने हाकललं, कडेवर पोर. तिला ‘बिमारी’चं नावही ठाऊक नसायचं.

१ एप्रिल २००४ ला सरकारने मोफत औषधं सुरू केली. सुरुवातीच्या मोजक्या केंद्रांत मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं. अकोल्याच्या माणसाने ताप अंगात घेऊन रात्रभर रेल्वेत बसून तिथे जायचं, परत यायचं. बरोबर कोण? घरचे सहसा नसत. असायचा तो आधी औषध सुरू झालेला एखादा बाधित पोरगा, ज्याला कुठल्या खिडकीवर कुठला कागद लागतो हे पाठ झालेलं. त्याला कुणी नेमलं नव्हतं, मानधन नव्हतं. आज औषधाचं केंद्र शहरातच, सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात आहे. पण माझ्या लेखी या जिल्ह्यातलं पहिलं पुढारपण त्या रेल्वेच्या डब्यात घडलं.

२००७ नंतर, कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात, ही माणसं रीतसर कामावर आली. वह्या तेव्हापासूनच्या. आणि इथेच आपली सगळ्यांची एक चूक झाली. आपण त्यांना वाटप करणारे हात समजलो. महिन्याला किती निरोध, किती तपासण्या, एवढंच विचारत राहिलो. त्यांनी मात्र कुणाचं रेशनकार्ड काढून दिलं, कुणाच्या लेकराचा शाळेचा दाखला आणला, ठाण्यात रात्री अकराला जाऊन उभे राहिले. एका दवाखान्यात रांगेत बसलेल्या बाईचा अहवाल सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला गेला, तेव्हा आमच्या वहीवालीने ते तिथेच, सगळ्यांसमोर थांबवलं. मग ती त्या बाईपाशी बसली. “कायले भेते वो? मी हावो ना संगं.” यातल्या एकाही गोष्टीसाठी मासिक अहवालात रकाना नव्हता.

कायदा मागून आला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथी ओळख मान्य केली. ६ सप्टेंबर २०१८ ला ३७७ कलमातून समलिंगी संबंधांचा गुन्हा गेला आणि चारच दिवसांनी, १० सप्टेंबरला, २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा लागू झाला. भेदभाव करणं, संमतीविना कुणाची स्थिती उघड करणं, आता बेकायदेशीर. या कायद्यातलं एक कलम मला विशेष प्रिय आहे. बाधित घराचा कारभार सांभाळणारं, समज आलेलं बारा ते अठरा वयाचं मूल आपल्या धाकट्या भावंडाचं पालक होऊ शकतं. शाळेत नाव घालायला, उपचाराला, बँकेचं खातं चालवायलाही. ज्या पोरांनी आई-बाप गेल्यावर चूल सांभाळली, त्यांना कायद्याने कर्तं माणूस म्हटलं.

२०२१ च्या अंदाजानुसार देशात सुमारे २४ लाख लोक एचआयव्हीसह जगत होते. त्यातले ३ लाख ९४ हजार महाराष्ट्रात, सर्व राज्यांत सर्वाधिक. २०१० च्या तुलनेत देशातल्या नव्या लागणी मात्र ४६ टक्क्यांनी घटल्या. या घटीत औषधांचा वाटा आहेच, पण औषधापर्यंत माणूस चालत आला तो कुणीतरी हात धरला म्हणून. त्या कुणीतरीची नोकरी अजून कंत्राटी आहे, प्रकल्प संपला की संपणारी. दहा-पंधरा वर्षं साठ-साठ जणांचा भार वाहिलेली माणसं जिल्ह्याच्या बैठकीत क्वचितच खुर्चीवर दिसतात. दिसली तर चहा देताना. हे बदलायला हवं, आणि ते करायला नवा निधी लागत नाही.

कामही बदललंय. पूर्वी टपरी, बगीचा, बसस्टँड ठाऊक असला की माणसं भेटायची. आता भेटी मोबाइलवर ठरतात, पोरं घरातूनच निघतात आणि घरीच परततात. वहीवालीने त्यासाठी दुसरं खातं उघडलंय, रात्री दहानंतर ती तिथे असते.

तिथेच तिला मागच्या पावसाळ्यात एक सोळा वर्षांचा मुलगा भेटला. खूप घाबरलेला. तपासणी करायची म्हणत होता. अठराच्या आत पालकाची संमती लागते हे तिने त्याला सांगितलं, तसा त्याने फोन बंद केला. चार दिवसांनी परत चालू केला. आईला तुमीच सांगता का, एवढंच विचारलं. तिने वही उघडली, नव्या पानावर काय काढायचं ते त्यालाच विचारलं. तो म्हणाला, सायकल. त्या रविवारी सकाळच्या पॅसेंजरने ती त्याच्या आईला भेटायला मूर्तिजापूरला गेली.