आई, तू बस!

तव्यावरची पोळी थेट आपल्या पानात पडली आणि ती आपण तशीच गरमगरम खाल्ली, असं शेवटचं कधी झालं, आठवतंय का हो? मला आठवत नव्हतं. माहेरी, लग्नाआधी कधीतरी झालं असेल. त्यानंतरची तीस वर्षं फुगलेली पोळी ह्यांच्या, मुलांच्या, सासूबाईंच्या ताटात. माझी शेवटची, आणि तीही ओट्याशी उभ्याउभ्या. त्याचं फार वाईट वाटायचं असंही नाही. घरोघरी हेच की!

गेल्या वर्षी लेकीकडे महिनाभर राहायला गेले. ती फ्रान्समध्ये ल्यों शहरात नोकरी करते. क्रुआ-रूस नावाच्या टेकडीवर तिचं घर. ही पूर्वीची रेशीम विणकरांची वस्ती. इथल्या जुन्या घरांची छतं चांगली चार मीटर उंच, कारण घरातच उंच जकार्ड माग उभे असायचे. मी इचलकरंजीची, मागांच्या खडखडाटात आयुष्य गेलेलं. आपल्याकडे लुगड्याच्या काठावर नक्षी काढणारा जकार्ड या ल्योंचाच, 1804 सालचा, हे ऐकून मला त्या गल्ल्या एकदम ओळखीच्या वाटायला लागल्या.

एका शनिवारी लेक म्हणाली, "आज स्वयंपाक नाही. खालच्या गल्लीत जेवायला जायचं." इथल्या अशा छोट्या खानावळींना 'बुशों' म्हणतात. दहाएक टेबलं, चौकडीचे टेबलक्लॉथ आणि पाटीवर खडूनं लिहिलेला त्या दिवसाचा मेनू. जेवण तीन टप्प्यांत, माणशी वीस युरो. मी मनात हिशेब केला, दोन हजार रुपये! महिन्याचं दूध झालं असतं.

पाव आणि पाण्याची सुरई न मागताच आली, त्याचे वेगळे पैसे नाहीत. मग पहिला पदार्थ आला. हिरवट, बारीक मसुरीची कोशिंबीर म्हणा ना! शिजवलेली मसूर, वर मोहरीची चटणी, तेल आणि व्हिनेगर. आमटी नाही, उसळ नाही, पण चव अशी की मी पावानं बशी पुसून घेतली. (तसं तिथे चालतं, लेकीनं आधीच सांगितलं होतं.)

बशी रिकामी झाली आणि मी सवयीनं दोघींच्या बश्या एकात एक ठेवून उठायला लागले. लेकीनं हात धरला. "आई, तू बस."

मग काही वेळ काहीच आलं नाही. मी अस्वस्थ. आत जाऊन बघावं, काही मदत हवी का, असंच वाटत होतं. आजूबाजूची माणसं मात्र निवांत गप्पा मारत होती. हे थांबणंसुद्धा जेवणाचाच भाग असतो म्हणे. फ्रेंच लोकांच्या या एकत्र बसून, क्रमानं जेवण्याच्या रीतीला 2010 मध्ये युनेस्कोनं सांस्कृतिक वारशात जागा दिली आहे.

दुसरं पान म्हणजे केनेल. नदीतल्या माशाचा लगदा, अंडी, लोणी एकत्र करून केलेला लांबट गोळा, सॉसमध्ये घालून भट्टीत फुगवलेला. वाफा निघत होत्या. मी पहिला घास घेतला आणि लेक माझ्याकडे बघतच राहिली.

"काय गं?"

"काही नाही. तुला गरम जेवताना मी पहिल्यांदाच बघतेय."

मैत्रिणींनो, तो घास घशात अडकला. मला वाटायचं, मुलांचं याकडे लक्षही नाही. ती म्हणाली, "लहानपणी मला वाटायचं, तुला थंडच आवडतं."

मग बोलता बोलता तिनं या शहरातल्या 'मेर' म्हणजे 'आयां'ची गोष्ट सांगितली. श्रीमंत घरांत स्वयंपाकाला असणाऱ्या बायका नोकरी सुटल्यावर स्वतःच्या खानावळी काढत. त्यातली सगळ्यात मोठी यूजेनी ब्राझिये. जन्म 1895 चा, शेतकऱ्याच्या घरातला. दहाव्या वर्षी आई गेली. एकोणिसाव्या वर्षी लग्नाशिवाय मूल झालं म्हणून बापानं घराबाहेर काढलं. ती ल्योंला आली, दुसऱ्यांच्या घरी राबली आणि 1921 मध्ये याच टेकडीच्या पायथ्याशी तिनं स्वतःचं छोटं हॉटेल काढलं. 1933 मध्ये तिच्या दोन हॉटेलांना मिशेलिनचे तीन-तीन तारे मिळाले. पुढे जगप्रसिद्ध झालेला पॉल बोक्यूज तिच्याच हाताखाली शिकला. आपण रोज करतो त्याच कामाचं या बाईनं केवढं मोल करून घेतलं!

चीज म्हणून आला तो आपला चक्काच, फक्त त्यात लसूण, कांद्याची पात, तेल. त्याचं नाव 'विणकराचा मेंदू'! शेवटी साखर चढवलेल्या बदामांचा गुलाबी गोड टार्ट. दोन तास झाले होते. निघताना स्वयंपाक करणारी बाई बाहेर आली, माझ्याच वयाची, ॲप्रनला हात पुसत. मला फ्रेंच येत नाही, तिला मराठी नाही. मी तिचे दोन्ही हात हातात घेतले. तिनं दिवसभर उभं राहून किती जणांना गरम वाढलं असेल, हे मला सांगायची गरज नव्हती. ती तरी कधी जेवत असेल कोण जाणे.

परत आल्यावर पहिल्याच रविवारी मी पोळ्या आधी करून डब्यात ठेवल्या, सगळी भांडी टेबलावर मधोमध मांडली आणि सगळ्यांबरोबर बसले. हे म्हणाले, "अगं, पाणी?" मी उठले नाही. क्षणभर शांतता. मग मुलगा उठला आणि तांब्या घेऊन आला. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता काहीतरी ऐकावं लागणार. त्या एवढंच म्हणाल्या, "भाजी घे, निवतेय."

रोज नाही जमत. सकाळच्या डब्यांच्या घाईत तर नाहीच नाही. पण रविवार आता ठरलेला आहे. दोन हजार रुपये आणि विमानाचं तिकीट लागत नाही हो त्याला. तुम्हीही एकदा बसून बघा. पाणी कोण आणतं, तेही कळेल.