‘इग्रीजस’ : निंदेचे एक विशेषण

इंग्रजीतील ‘इग्रीजस’ हे विशेषण आज केवळ तीव्र निषेधासाठी वापरले जात असले, तरी त्याचे मूळ स्तुतीचे आहे. लॅटिन भाषेत ‘ग्रेक्स’ म्हणजे कळप, आणि जो कळपातून उठून दिसतो तो ‘एग्रेगिउस’, म्हणजे असामान्य किंवा श्रेष्ठ. सोळाव्या शतकात इंग्रजीने हा शब्द त्याच अर्थाने स्वीकारला. परंतु उपरोधाने वापरता वापरता त्याचा निंदार्थ बळावला असावा, आणि शेक्सपिअरच्या ‘सिंबेलाइन’ नाटकात तर तो खुनी माणसाला लावलेला आढळतो. इटालियन भाषेने मात्र जुना मान राखला असून, तेथे औपचारिक पत्राच्या मायन्यात ‘एग्रेजिओ’ हे आदरार्थी संबोधन अजूनही लिहिले जाते.

प्रचलित वापरात हे विशेषण चूक, अन्याय, नियमभंग अशा नामांना लागते आणि दोष नुसता मोठा नसून कोणाच्याही नजरेत भरावा इतका उघड आहे, असे सुचवते. म्हणून ‘वाईट’पेक्षा ‘धडधडीत’ किंवा ‘घोर’ हे मराठी शब्द त्याला अधिक जवळचे वाटतात. बेचव जेवणाला ते लावणे विनोदीच ठरेल. कायद्याच्या भाषेत त्याला विशेष वजन आहे: अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये गर्भपाताच्या हक्कासंबंधीचा 1973 चा निर्णय रद्द करताना, तो मुळापासूनच चुकीचा असल्याचे सांगण्यासाठी याच शब्दाचे क्रियाविशेषणरूप योजले होते.