आईला जरा बाहेर थांबायला सांगाल का?

डॉक्टर मुलीला विचारतात, "पाळी नियमित येते का?" उत्तर आई देते, "तिची आधीपासूनच मागेपुढे होते." सोळा वर्षांची मुलगी खाली मान घालून बसते. तिला विचारायचं असतं वेगळंच: अंगावरून पांढरं जातं, खाज सुटते, ते कशाने? औषधाची चिठ्ठी लिहून होते, पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं जातं आणि प्रश्न तसाच घरी परत जातो. ओपीडीत नेहमी दिसणारं हे चित्र आहे. आईला काळजी असते म्हणूनच ती बोलते, पण तेवढ्याने मुलीचं तोंड बंद होतं.

मुलग्यांचं तर आणखी अवघड. वृषणाला पीळ पडला की अचानक भयंकर दुखतं, उलट्या होतात. हा त्रास कुमारवयातच जास्त दिसतो. साधारण सहा तासांत शस्त्रक्रिया झाली तर वृषण बहुधा वाचतं. दिवस उलटला तर बहुतेक वेळा काढून टाकावं लागतं. आणि लाजेपोटी मुलगा सांगतो काय, तर "पोटात दुखतंय." घरचे ओवा आणि गरम पाणी देतात. मोलाचे तास असे निघून जातात.

या वयासाठी सरकारी सोय आहे, हे फार कमी घरांत माहीत असतं. केंद्र सरकारचा राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाला. तो १० ते १९ वयोगटासाठी आहे. त्यात सरकारी रुग्णालयांमध्ये किशोरवयीनांसाठी वेगळी क्लिनिकं चालतात. महाराष्ट्रात त्यांना 'मैत्री' म्हणतात. तिथे समुपदेशक असतात. पाळी, मुरुमं, स्वप्नदोष, व्यसन, मनाची घालमेल यांतलं काहीही विचारता येतं. मात्र खोलीपर्यंत पोहोचण्याआधी केसपेपरची खिडकी लागते. तिथे "काय होतंय?" असं मोठ्याने विचारलं गेलं आणि मागे गल्लीतल्या काकू उभ्या असल्या, तर मुलगी तिथूनच परत फिरते. भिंतीवर कितीही पोस्टर लावली तरी हा अडथळा दूर होत नाही. खिडकीवरच्या माणसालाच शिकवावं लागेल.

खासगी शंकांना मोकळं उत्तर देण्याची किंमत मराठी समाजाने पूर्वी वसूल केलेली आहे. र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवत आणि वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना त्यातून उत्तरं देत. १९३४ मध्ये त्याच उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं होतं, तरी कर्व्यांना दंड झालाच.

आज गुप्तता पाळणं हे डॉक्टरांचं व्यावसायिक कर्तव्य आहे. पण अठरा वर्षांखालच्यांच्या बाबतीत तिला मर्यादा आहेत आणि त्या आधीच सांगायला हव्यात. शस्त्रक्रियेला पालकांची संमती लागते, गर्भपातालाही. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर २०१२ च्या पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा ठरतो. संबंध दोघांच्या मर्जीने आला असला तरी कायदा अठराखालची संमती मानत नाही. त्यामुळे दिवस गेलेली सतरा वर्षांची मुलगी पोलिसांच्या भीतीने दवाखान्याचं नावच काढत नाही, भोंदूकडे किंवा मिळेल त्या गोळ्यांकडे वळते. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात ही भीती ओळखली: गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केली, तर डॉक्टरांनी पोलिसांना माहिती देताना तिचं नाव आणि ओळख उघड करण्याची गरज नाही. हा निकाल गावातल्या प्रत्येक डॉक्टरला तोंडपाठ असायला हवा.

चांगला डॉक्टर थोडा वेळ मुलाशी एकट्याने बोलतो आणि सुरुवातीलाच सांगतो, "तू बोलशील ते माझ्यापाशी राहील. पण तुझ्या जिवाला धोका असेल किंवा कुणी तुला त्रास देत असेल, तर मला पुढे सांगावं लागेल." डॉक्टरांनी आपणहून ही संधी दिली नाही, तर मुलांनी ती मागावी. "आईला जरा बाहेर थांबायला सांगाल का?" असं विचारण्यात उद्धटपणा नाही. तेही जमत नसेल तर तक्रार कागदावर लिहून डॉक्टरांच्या हातात देता येते. मनाच्या त्रासासाठी टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येतं. कुणी छळ करत असेल तर मुलांसाठीचा मदत क्रमांक १०९८ लावावा.