चित्रकार, प्रदर्शन आणि गाव

मार्गशीर्ष महिन्यात जत येथे यल्लमादेवीची यात्रा भरते. यात्रा म्हटली की बांगड्या, भांडी, मेवामिठाई यांच्या पालांबरोबर देवादिकांच्या रंगीत तसबिरींचे एखादे पाल असावयाचेच. दुष्काळाशी पिढ्यान्‌पिढ्या झगडणाऱ्या ह्या मुलखातील माणूस पदरचे चार पैसे मोडून लक्ष्मीची किंवा सरस्वतीची तसबीर घरी नेतो, देव्हाऱ्याजवळ लावतो आणि तिला हळदकुंकू वाहतो. तिचे मूळ चित्र कोणी रंगविले, हे विचारण्याची मात्र रीत नाही. चित्र घरात येते. चित्रकार उंबरठ्याबाहेरच राहतो.

ह्या तसबिरींचा घरोघर प्रसार करण्याचे मोठे श्रेय राजा रविवर्मा यांच्याकडे जाते. त्यांनी १८९४ साली मुंबईस शिळाछापाचा छापखाना काढला. पुढे ह्या छापखान्याने दुसऱ्या चित्रकारांचीही चित्रे छापली आणि त्यांत कोल्हापूरच्या मातीतून वर आलेला एक चित्रकार होता. रावबहादुर महादेव विश्वनाथ धुरंधर हे त्यांचे नाव. चित्रकार घडतो कसा, त्याची कला पालटते कशी आणि ती टिकते कोणाच्या बळावर, ह्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे शोधू गेल्यास धुरंधरांचे चरित्र फार उपयोगी पडते. आणि त्यांच्याच गावचे चित्रकार आबालाल रहिमान यांचे चरित्र शेजारी ठेवले म्हणजे ती उत्तरे अधिकच स्पष्ट होतात.

धुरंधरांचा जन्म १८ मार्च १८६७ रोजी कोल्हापुरास झाला. १८९० साली ते मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. त्या वेळी तेथे जॉन ग्रिफिथ्स हे प्राचार्य होते. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला विद्यार्थ्यांकडून करवून घेण्याचे प्रचंड कार्य ज्यांनी पार पाडले, तेच हे ग्रिफिथ्स. शाळेतील शिक्षण पाश्चात्त्य वळणाचे होते. प्रथम मातीच्या व प्लास्टरच्या नमुन्यांवरून छायाप्रकाश साधावयाचा, मग जिवंत माणूस समोर बसवून त्याच्या शरीराची ठेवण अभ्यासावयाची, आणि हात बसला म्हणजे तैलरंगाकडे वळावयाचे, असा तो क्रम. धुरंधरांनी तो निष्ठेने पुरा केला. परंतु त्या शिस्तीत त्यांनी जे भरले ते आपल्या घरातले होते. नेसलेल्या लुगड्याची चुणी, अंबाड्यातील फूल, अंगणातील तुळस, लग्नघरातील लगबग हे त्यांचे विषय झाले.

आता प्रदर्शन म्हणजे काय, हे येथे थोडे उलगडून सांगितले पाहिजे. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ साली स्थापन झाली. अशा संस्थेच्या वार्षिक प्रदर्शनास चित्रकार आपली चित्रे पाठवितो; परीक्षकमंडळ त्यांतून निवड करते; निवडलेली चित्रे भिंतीवर लागतात; काहींना पदके व पारितोषिके मिळतात आणि काहींना गिऱ्हाईक लाभते. वरवर पाहता हा बाजारच. परंतु चित्रकाराच्या दृष्टीने त्यात एक गोष्ट अशी घडते की, जी घरच्या खोलीत कधीच घडत नाही. त्याचे चित्र दुसऱ्याच्या चित्राशेजारी लागते. स्वतःच्या खोलीत जो रंग तेजस्वी वाटला, तो शेजारच्या चित्रापुढे मळकट दिसू लागतो. जी रेषा घट्ट वाटली, ती दहा हातांवरून लुळी दिसते. हा धडा कोणत्याही गुरूला शब्दांनी देता येत नाही. धुरंधरांना १८९५ साली ‘हॅव यू कम, लक्ष्मी?’ ह्या चित्राबद्दल सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. प्रदर्शनाच्या बहुतेक कारभारावर त्या काळी युरोपियन मंडळींचा पगडा होता, हे लक्षात घेता ह्या यशाचे मोल कळते.

तथापि पदकाने त्यांचा हात एका साच्यात अडकला नाही. तैलचित्रात रंगाचे थर एकावर एक चढविता येतात, चूक झाली तर पुसता वा झाकता येते. जलरंगाचे तसे नाही. तेथे कागदाचा पांढरेपणा हाच प्रकाश. तो एकदा झाकला गेला की पुन्हा उजळत नाही. म्हणून जलरंगाचा चित्रकार आधी मनात चित्र पुरे करतो आणि मगच कुंचला भिजवितो. धुरंधरांनी दोन्ही माध्यमे आपलीशी केली. शिवाय पुस्तकांसाठी चित्रे काढताना थोडक्या रेषांत पुष्कळ सांगण्याची कलाही त्यांनी साधली. सी. ए. किंकेड यांच्या ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ ह्या १९१४ च्या पुस्तकातील आणि ऑटो रॉथफेल्ड यांच्या ‘विमेन ऑफ इंडिया’ ह्या १९२० च्या पुस्तकातील चित्रे त्यांचीच. मुंबईच्या रस्त्यांवरील माणसांची त्यांची चित्रे टपालाच्या कार्डांवर छापली गेली, तर नवी दिल्लीच्या सचिवालयाच्या भिंतींवर त्यांना भव्य आकाराची चित्रे रंगवावी लागली. टिचभर कार्ड आणि भलीमोठी भिंत ह्या दोहोंना पुरे पडणारा हात केवळ प्रतिभेने तयार होत नाही. त्यामागे रोजचा रियाझ असतो. १८९० पासून १९३१ पर्यंतचा काळ त्यांनी कलाशाळेत विद्यार्थी, शिक्षक व अखेरीस प्रमुख म्हणून घालविला आणि त्या काळाचा वृत्तान्त ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ ह्या ग्रंथात लिहून ठेविला. १ जून १९४४ रोजी ते निवर्तले. त्यांच्या कन्या अंबिका धुरंधर यांनीही चित्रकलेचाच मार्ग धरला.

आबालाल रहिमान हेही कोल्हापूरचेच आणि जे. जे. कलाशाळेचेच विद्यार्थी. परंतु शिक्षण झाल्यावर ते गावी परतले आणि तेथेच राहिले. शाहू महाराजांनी त्यांना दरबारचे चित्रकार म्हणून आश्रय दिला. मुंबईच्या प्रदर्शनांतील चढाओढीत त्यांनी आपले आयुष्य घातले नाही. कोटितीर्थाच्या काठी एकांतात राहून रंकाळा, पंचगंगेचा घाट आणि झाडीतून उतरणारे ऊन हेच ते रंगवीत राहिले. शाळेत शिकलेली घोटीव छायाप्रकाशाची रीत हळूहळू मागे पडली आणि रंगाचे लहान लहान फटकारे शेजारी ठेवून प्रकाशाचा भास निर्माण करण्याकडे त्यांचा कल झाला. अशा चित्राजवळ जावे तो नुसते ठिपके दिसतात. चार पावले मागे सरावे तो पाणी हालू लागते. रंगांचे मिश्रण कागदावर नव्हे, तर पाहणाराच्या डोळ्यात होते.

१९२२ साली शाहू महाराज गेले. त्या दुःखाने आबालाल यांनी आपली असंख्य चित्रे कोटितीर्थाच्या पाण्यात सोडून दिली, अशी आख्यायिका कोल्हापुरात सांगतात. ती अक्षरशः खरी असो वा नसो, तिच्यातील मर्म खरे आहे. ज्या चित्रकाराचा रसिक एकच असतो, त्याचा तो रसिक गेला की चित्रेही पोरकी होतात. १९३१ साली आबालाल वारले. त्यांच्या चित्रांपैकी जी कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आज पाहावयास मिळतात, त्यांवरून काय गमावले असेल ह्याची कल्पना करता येते.

ह्याचा अर्थ धुरंधर शहाणे आणि आबालाल भोळे, असा मात्र घेऊ नये. प्रदर्शनाची सवय चित्रकाराला परीक्षकांच्या आवडीचा बंदा करू शकते. एकांत त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहावयास शिकवितो. आबालाल यांच्या रंकाळ्यावरील प्रकाश कोणत्याही पदकासाठी रंगविलेला नव्हता, म्हणूनच तो तसा उतरला. परंतु चित्र रंगविणे हे एकट्याचे काम असले, तरी ते जतन करणे हे एकट्याचे काम नव्हे. ते गावाचे काम आहे. कोल्हापूरने हे काम पुढे काही अंशी उचलले. आनंदराव व बाबूराव पेंटर, दत्तोबा दळवी आणि त्यांचे शिष्य यांनी तेथे एक परंपराच उभी केली. आणि ज्या गावात दहा घरी कुंचला चालतो, तेथे अकराव्या घरच्या मुलाला चित्र काढल्याबद्दल कोणी हसत नाही.

मोठ्या शहरावाचून हे साधत नाही, असे म्हणणारास औंध हे उत्तर आहे. सातारच्या जहागिरी संस्थानांत जत आणि औंध ही दोन्ही मोडत. औंधचा मुलूख श्रीमंत नव्हता. जतसारखाच कोरडा आटपाडी महाल त्यातच होता. तरीही बाळासाहेब पंतप्रतिनिधी ह्या राजाने, जो स्वतःही चित्रकार होता, १९३८ साली यमाईच्या डोंगरावर श्रीभवानी चित्रसंग्रहालय उभारले. तेथे रविवर्म्यांची चित्रे आहेत, धुरंधरांची आहेत आणि इंग्लंडच्या हेन्री मूर यांचे शिल्पही आहे. १९४८ साली संस्थाने विलीन झाली, राजे गेले. पण संग्रह राहिला, कारण तो वाड्यात कोंडलेला नसून सर्वांसाठी खुला होता.

प्रत्येक गावाला असा राजा लाभत नाही. आणि आता तशी अपेक्षाही कोणी करू नये. परंतु शाळेच्या चित्रकलेच्या शिक्षकाने वर्षातून एकदा मुलांची चित्रे ओळीने भिंतीवर लावावीत, प्रत्येकाखाली नाव लिहावे आणि आईबापांस बोलवावे, एवढे तर कोणत्याही गावात होऊ शकते. शेजारच्या मुलाच्या चित्राजवळ आपले चित्र पाहिले म्हणजे मुलाला जे कळते, तेच धुरंधरांना मुंबईत कळले होते. यल्लमादेवीच्या यात्रेतून तसबीर घेऊन परतणाऱ्या गृहस्थाने ती लावताना खालच्या कोपऱ्यात चित्रकाराची सही आहे का, एवढे जरी न्याहाळले, तरी उंबरठ्याबाहेर ताटकळलेल्या त्या चित्रकाराला घरात पाट मांडल्यासारखे होईल.